दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरील सुटी : एक आराखडा



या व्यासपीठावरून गेल्या काही दिवसांत आपण वेदान्त ऐकलात, अर्थकारण ऐकलेत, शेतीचे प्रश्न ऐकलेत. आणि आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत ते सुटी कशी आखावी हे सांगण्यासाठी! 'हा काय व्याख्यानाचा विषय झाला?' अशी शंका पुढच्या रांगेतील काही चेहऱ्यांवर आम्हांला स्पष्ट दिसते आहे, आणि ती रास्तही आहे. परंतु एक हिशेब मांडून पाहा. मध्यमवर्गीय कुटुंब परदेशच्या एका प्रवासासाठी पाच-सहा वर्षे पैसा साठविते आणि तो दहा-पंधरा दिवसांत खर्च करून येते. मुलीचे स्थळ पाहताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, जमीन घेताना सात-बारा तपासतो. पण या एवढ्या मोठ्या खर्चाचा विचार मात्र एका रंगीत पत्रकावर सोपवून मोकळे होतो. परत आल्यावर शेजाऱ्यांना छायाचित्रे दाखवितो, आणि 'फार धावपळ झाली हो' असे हळूच कबूलही करतो.

आमचा स्वतःचा पहिला आराखडा याच जातीचा होता. दहा दिवस आणि अकरा गावे! तो कागद आम्ही मोठ्या अभिमानाने सौ.पुढे ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढेच विचारले, "यात जेवायचे कुठे?" त्या एका प्रश्नाने अकरा गावे कोसळली. पुढे जो दुसरा आराखडा झाला, त्यातून आम्ही जे शिकलो तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

इटलीचा नकाशा बुटासारखा आहे हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाची टाच म्हणजे पुलिया हा प्रांत. लॅटिनमध्ये यालाच अपुलिया म्हणत. पूर्वेस एड्रियाटिक समुद्र, दक्षिणेस आयोनियन समुद्र, आणि मधे चुनखडकाची लांबट, सपाट भूमी. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही आपल्याकडील प्रवाशांची नेहमीची वारी. तिच्यात पुलियाचा समावेश क्वचितच होतो. ऊन भरपूर, समुद्र दोन्ही अंगांना, आणि उत्तरेकडील प्रसिद्ध शहरांच्या मानाने राहणे-खाणे सामान्यतः स्वस्त. म्हणून आम्ही हा प्रांत निवडला.

तथापि हा प्रदेश आपल्याला अगदीच परका आहे असे नाही. तेथील ब्रिंदिसी हे बंदर एके काळी हिंदुस्थानचा दरवाजाच होते. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि १८७० पासून १९१४ पर्यंत लंडनहून मुंबईला येणारी टपाल आगगाडीने ब्रिंदिसीपर्यंत येई व तेथून बोटीत चढे. आपल्या पणजोबांच्या पिढीतील ज्या कोणास विलायतेचे पत्र आले असेल, त्या पत्राने बहुधा ब्रिंदिसीची हवा खाल्ली असणार. दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर, डिसेंबर १९३१ मध्ये, गांधीजी मायदेशी यायला 'पिल्सना' बोटीवर चढले तेही याच धक्क्यावरून. आणि १९४३ च्या सप्टेंबरात आठवी भारतीय डिव्हिजन इटलीच्या भूमीवर उतरली ती पुलियातीलच तारांतो बंदरात. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. त्याच पलटणीतील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी उत्तर इटलीतील सेनियो नदीवर जो पराक्रम केला, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा तारांतोच्या समुद्राकडे पाहताना मराठी माणसाने क्षणभर उभे राहावे, इतके नाते तेथे निश्चित आहे.

असो. आता आराखड्याकडे वळू. पहिला प्रश्न : जावे कधी?

जुलै-ऑगस्टात जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. ऊन कडक असते हे एक कारण. पण मोठे कारण निराळे आहे. १५ ऑगस्ट हा जसा आपला स्वातंत्र्यदिन, तसा तो इटलीत 'फेर्रागोस्तो' नावाचा मोठा सण. त्याच्या मागेपुढे साऱ्या देशाची सुटी असते. दक्षिणेतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मिलान-तोरिनोकडे, जर्मनीकडे, अमेरिकेकडे गेलेली. ती ऑगस्टात घरी परततात. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतो, तसाच हा प्रकार! त्या दिवसांत खोली मिळणे कठीण, मिळाली तर भाव दुप्पट. शिवाय वर्षाने घरी आलेल्या माणसाच्या सणात आपण परक्यांनी गर्दी करावी हे आम्हांला प्रशस्त वाटले नाही.

मेअखेर ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर, हा उत्तम काळ. आपल्या मुलांच्या उन्हाळी सुटीचा शेवट मेअखेरच्या मुहूर्ताशी जुळतो. मात्र मे महिन्यात पाणी अजून गार असते. डुंबण्याची हौस असणाऱ्याने सप्टेंबर धरावा, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा उबदार लागतो. ज्यांना समुद्रस्नानाचे वेड नाही त्यांनी दिवाळीच्या सुटीत जावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे ऑलिव्हची तोडणी चालू असते आणि घाण्यावर ताजे तेल मिळते.

कोणताही काळ ठरवा, पण तयारी सहा महिने आधी सुरू करा. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांहून उशिरा करून चालत नाही. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. मुंबईहून रोमला उतरावे. रोमहून बारी हे पुलियाचे मुख्य शहर आगगाडीने सुमारे चार तासांवर आहे. ती गाडी आपेनिन डोंगर ओलांडून जाते, म्हणून खिडकीची जागा धरावी.

दुसरा प्रश्न : मुक्काम किती आणि कोठे? आमचे उत्तर : दहा दिवसांना दोन मुक्काम, अधिक नव्हे. पहिला बारीच्या दक्षिणेस मोनोपोली गावात, दुसरा लेच्चे शहरात. बारीहून लेच्चेकडे जाणारा मुख्य लोहमार्ग बराचसा किनाऱ्याकिनाऱ्याने जातो. पोलिन्यानो, मोनोपोली, ओस्तुनी, ब्रिंदिसी ही सारी गावे त्याच मार्गावर आहेत. एका गावी सामान ठेवावे, सकाळी निघावे, संध्याकाळी परतावे. रोज बोचके बांधणारा माणूस प्रवास करीत नाही, हमाली करतो.

मोटार भाड्याने घ्यावी काय? घेता येते, आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर हवा आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने हाकावी लागते. पण जुन्या गावठाणांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. वेशीवर कॅमेरा असतो. तो निमूटपणे क्रमांक टिपतो आणि दंडाचा कागद महिन्यांनी घरी येतो. गाडी वेशीबाहेर लावून पायी आत शिरावे हेच शहाणपण.

समुद्राबाबत एक युक्ती सांगतो. ती पत्रकांत सहसा नसते, पण तेथील माणसे तिच्यावरच चालतात. लेच्चेच्या दक्षिणेस भूमी इतकी चिंचोळी आहे की दोन्ही समुद्र तासाभराच्या अंतरात येतात. उत्तरेचा 'त्रामोन्ताना' वारा वाहू लागला की पूर्वेचा एड्रियाटिक खवळतो. त्या दिवशी पश्चिमेच्या आयोनियन किनाऱ्यावर जावे, तेथे पाणी तळ्यासारखे असते. आफ्रिकेकडून दक्षिणेचा 'शिरोक्को' सुटला की नेमके उलट. म्हणून कोणत्या दिवशी कोणता किनारा हे घरून ठरवून जाऊ नये. सकाळी उठावे, कॉफीच्या दुकानात वाऱ्याची चौकशी करावी आणि मग निघावे. आमच्या फुलस्केप कागदावर वाऱ्यासाठी रकानाच नव्हता!

आता पाहावयाचे काय? यादी मोठी आहे. आम्ही निवडक सांगतो. आल्बेरोबेल्लो गावी शंकूसारख्या दगडी छपरांची 'त्रुल्ली' नावाची घरे हजाराहून अधिक आहेत. आपल्या कोकणात चुना न घालता दगडावर दगड रचून गडगा घालतात, त्याच पद्धतीने येथे अख्खे छप्पर रचले आहे. असे का, याची एक कथा सांगतात. गावाच्या जहागीरदाराला नेपल्सच्या राजाचा नव्या वसाहतीवरील कर चुकवावयाचा होता. तपासनीस आला की घरे झटपट पाडता यावीत म्हणून चुना वापरण्यास त्याने मनाई केली. अखेर १७९७ साली राजाने गावाला जहागीरदाराच्या जाचातून मुक्त केले. आज लोक त्या छपरांपुढे हसत छायाचित्रे काढतात. पण आपले घर केव्हाही पाडावे लागेल या धाकाखाली राहिलेल्या माणसांची ती घरे आहेत.

लेच्चे शहर पिवळसर मऊ दगडाचे आहे. तो दगड इतका मऊ की सतराव्या शतकातील कारागिरांनी देवळांच्या दर्शनी भिंतींवर फुले, फळे, पशू, राक्षस लाकडात कोरावे तसे कोरले. ओत्रांतोच्या कॅथीड्रलमध्ये मात्र वर न पाहता खाली पाहावे. पांतालेओने नावाच्या साधूने ११६३ ते ११६५ या काळात तेथील सबंध जमिनीवर रंगीत खड्यांचा एक प्रचंड वृक्ष रेखाटून घेतला. त्यात सिकंदर आहे, राजा आर्थर आहे, बारा महिन्यांची शेतीची कामे आहेत. आणि तो वृक्ष उभा आहे दोन हत्तींच्या पाठीवर! ज्याने हत्ती बहुधा डोळ्यांनी पाहिलाही नसेल अशा माणसाने विश्ववृक्षाला आधार म्हणून हत्ती निवडावा, हे पाहून सौ. तेथे बराच वेळ बसून राहिल्या. त्या दिवशी आम्ही दुसरे काही पाहिले नाही.

जागोजाग रस्त्यात लोखंडी नळखांब दिसतात. त्यांचे पाणी प्यावे, चांगले असते. आणि पिताना ते कोठून आले हेही आठवावे. चुनखडकाची ही भूमी पावसाचे पाणी पिऊन टाकते; मधल्या व दक्षिण भागात सांगण्यासारखी नदी नाही. शेकडो वर्षे लोक टाक्यांत पावसाचे पाणी साठवून जगले. मग १९०६ साली काम सुरू झाले : डोंगरापलीकडे पश्चिमेस वाहणाऱ्या सेले नदीचे झरे आपेनिनच्या पोटातून बोगदा काढून पूर्वेकडे वळविण्याचे. १९१५ साली ते पाणी बारी शहरात पोचले. दुष्काळी भागातल्या माणसाला या गोष्टीचे मोल निराळे समजावून द्यावयास नको. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी अर्धा तास शॉवर सोडून उभे राहू नये. पैसे भरले म्हणजे पाणी आपले झाले असे होत नाही.

सौ.चा मूळ प्रश्न जेवणाचा होता, तो विसरून चालणार नाही. शाकाहारी माणसाचे येथे हाल होत नाहीत. वालासारखे 'फाव्हा' नावाचे कडधान्य सोलून, शिजवून, घट्ट घोटतात आणि वर चिकोरीची कडसर पालेभाजी घालून ऑलिव्ह तेल सोडतात. गरिबांचे अन्न, आपल्या डाळ-भाजीचे सख्खे भावंडच! आल्तामुराचा जाड सालीचा पाव, बारीचा टोमॅटो घातलेला फोकाच्चा, आंद्रियाचे 'बुर्राता' हे मलईने भरलेले चीज, ही सारी पोटभरीची आहेत. पण एक सूचना. कानाच्या पाळीसारख्या 'ओरेक्किएत्ते' शेवया हिरव्या भाजीत येतात तेव्हा त्या भाजीत पुष्कळदा खारवलेली मासळी विरघळवलेली असते. दिसत नाही, म्हणून विचारावे. बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडी रक्कम दिसेल. ती पाव आणि मांडणीची असते, तिच्यावरून वाद घालू नये. रात्रीचे जेवण साडेसात-आठच्या आत मागू नये. आणि दुपारी एकपासून चार-साडेचारपर्यंत दुकानाची पायरी चढू नये. तेवढा वेळ सारे गाव वामकुक्षीत असते. ही गोष्ट पुणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही!

आता आमच्या फजितीची एक गोष्ट सांगतो. लेच्चेच्या दक्षिणेस एका खेड्यात, शेतावरच्या जुन्या वाड्यात, आम्ही एका शनिवारी रात्रीपुरते राहावयास गेलो होतो. रविवारी परतून दुपारी आणखी दोन गावे पाहावयाची होती. थांब्यावर वेळापत्रक होते. एका बाजूस 'फेरियाले' असे लिहून खाली बसच्या भरघोस वेळा दिल्या होत्या. दुसऱ्या बाजूस 'फेस्तिव्हो' असे लिहून खाली जवळजवळ कोरी जागा. इटालियन भाषेत सुटीला 'फेरिए' म्हणतात, एवढे ज्ञान आम्ही पुस्तकावरून मिळविले होते. तेव्हा 'फेरियाले' म्हणजे सुटीचा दिवस, असा अर्थ लावून आम्ही निर्धास्त उभे राहिलो. दीड तास गेला. ऊन चढले. बस आली नाही. कशी येणार? 'फेरियाले' म्हणजे कामाचा दिवस आणि 'फेस्तिव्हो' म्हणजे रविवार व सण! अर्धवट ज्ञानाने माणूस उन्हात उभा राहतो, तो असा.

अखेर एक वृद्ध शेतकरी आपली तीनचाकी घेऊन आला. आपल्याकडे खेडोपाडी जिला 'आपे' म्हणतात तीच गाडी. इटालियनमध्ये आपे म्हणजे मधमाशी. त्याने वेळापत्रकावर बोट ठेवले, मान हलविली, हसला, आणि निघून गेला. थोड्या वेळाने एक लहान मोटार आली. त्याची नात चालवीत होती, आजोबा शेजारी. नातीला इंग्रजी येत होते. ती म्हणाली, "आजोबा म्हणतात, पाहुण्यांना रविवारी उन्हात ठेवणे बरे नाही."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ऑलिव्हची झाडे होती. सारी उभी आणि सारी मेलेली. पिळदार बुंधे, पांढुरक्या वाळल्या फांद्या, पानाचा पत्ता नाही. मैलच्या मैल हेच. २०१३ साली गल्लीपोलीजवळ प्रथम एका जीवाणूचा शोध लागला. त्याचे नाव झायलेला. मध्य अमेरिकेतून आलेल्या कॉफीच्या शोभेच्या रोपातून तो शिरला असावा, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. एक छोटा किडा रस पिताना तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. जीवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नसा बंद करतो आणि झाड तहानेने मरते. लाखो झाडे अशी गेली. याच गल्लीपोलीच्या बंदरातून एके काळी युरोपातील शहरांच्या दिव्यांसाठी तेल जात असे.

सौ.नी सहज कॅमेरा काढला होता. आजोबा मागे न वळता काही बोलले. नातीने थोडे थांबून सांगितले, "ते म्हणतात, हल्ली पुष्कळ लोक गाडी थांबवून या झाडांची चित्रे काढतात. त्यांना ती सुंदर वाटतात." कॅमेरा पिशवीत परत गेला. पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग आजोबांनीच गाडी थांबवावयास लावली. त्यांचे शेत होते. मेलेली झाडे उपटून तेथे नवी रोपे लावली होती, माणसाच्या उंचीची. त्या रोगाला पुष्कळसे दाद न देणारी जात आहे, तिचे नाव 'फाव्होलोझा'. ते एकेका रोपापाशी जात, पान उलटून पाहत आणि पुढे सरकत. त्यांच्या जुन्या झाडांचे वय त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या आजोबांनाही माहीत नव्हते. या रोपांची लागवडीची तारीख मात्र त्यांना पाठ होती. लेच्चेच्या वेशीवर आम्ही पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, "नोव्हेंबरात या. तेल काढतो तेव्हा या."

श्रोतेहो, त्या दिवशी आमच्या कागदावरील दोन गावे राहिली. ती कोणती होती हेही आज आम्हांला वही पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून आमचा सल्ला असा. आठवड्यातून एक दिवस आराखड्यात कोरा ठेवा. रविवारी प्रवास करू नका. किनारा वाऱ्याला विचारून निवडा. खरेदीच करावयाची तर विमानतळावर चुंबकाची खेळणी घेण्याऐवजी शेतावर जाऊन तेलाचा एक डबा घ्या. तो पैसा नव्या रोपापर्यंत पोचतो. आणि ज्या देशात आपण जातो तेथे आपल्या येण्याआधीपासून कोणाचे तरी काम चालू असते, सण चालू असतो, कोणाचे दुःख चालू असते, याची जाणीव बरोबर असू द्या. तिला सामानात वजन नाही.

आमचा पुढचा आराखडा तयार आहे. नोव्हेंबर महिना, दहा दिवस, दोन मुक्काम. कागद सौ.नी पाहिला आणि या खेपेस काही विचारले नाही. फक्त खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली : 'फेरियाले म्हणजे कामाचा दिवस.'